उतरवलेल्या तारा

"माणूस जातो, पण त्यानं लावलेला सूर अमर असतो," असं शौकतच्या चाळिसाव्याला उस्ताद फिक्रींनी जाहीर केलं. उस्ताद फिक्रींनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता. त्यामुळे नाईल नदी उत्तरेकडे वाहते हे सांगताना असावी तेवढी खात्री त्यांच्या प्रत्येक विधानात असे. जमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. कुराण वाचायला आलेल्या शेखचं सुरांच्या अमरत्वाबद्दल काही वेगळं मत असण्याची शक्यता होती, पण त्याच्यापुढे जेवणाचं ताट होतं, म्हणून त्यानंही मान डोलावली. आणि दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी दुपारी, शौकतनं लावलेला सूर मेला. फार वेळ लागला नाही. जावयानं मारला, आणि काळजीपोटी मारला.

शौकतची बायको इन्साफ तेव्हा कॉफी दळून आणायला खाली गेली होती. परत आली तेव्हा पुड्याची ऊब तिच्या तळव्याला लागत होती आणि जिना चढून आल्यावर छातीत होते तशी धडधड होत होती. बैठकीच्या खोलीत हातेम भिंतीखाली मांडी घालून बसला होता. शौकतचा ऊद, ते फुगीर पोटाचं तंतुवाद्य, त्यानं मांडीवर असा आडवा घेतला होता की जणू तान्ह्या पोराला तेल लावायचंय. भिंतीवर उदाच्या आकाराचा एक फिकट डाग राहिला होता, मधोमध खिळा. "तांत, आता काळजी नको," हातेम म्हणाला. तो सासूला तांतच, म्हणजे मावशी, म्हणत असे, शिकल्यासवरल्या घरातल्या जावयांसारखा. मग त्यानं समजावून सांगितलं की वाजवणारं कुणी नसलं की तारांचा ताण लाकडाला सोसत नाही, पोटाची फळी वर उचलली जाते, घोडी उखडते. म्हणून त्यानं सगळ्या खुंट्या उलट्या फिरवून तारा सैल केल्या. आता पन्नास वर्षं काही होणार नाही. हातेम पुलांचा इंजिनियर होता, आणि कुठेही काही ताणलेलं दिसलं की त्याची झोप उडायची.

"बरं केलंस बाबा," इन्साफ म्हणाली.

गेले चाळीस दिवस ती सगळ्यांना हेच म्हणत होती. लोक तिच्याशी हळू बोलत, ती लोकांशी हळू बोले. शौकतचे सदरे वाटून टाकूया का? बरं. पलंग खिडकीकडे सरकवूया का? बरं. घरात एवढी सभ्यता कधीच नांदली नव्हती. नजला तर आईच्या खोलीत चोरासारखी पावलं टाकत यायची, आणि या दोघी मायलेकींनी पूर्वी एका वांग्याच्या फोडी किती जाड कराव्यात यावर सबंध सकाळ भांडून काढलेली होती. आत्ताही "बरं केलंस" म्हणून इन्साफ स्वयंपाकघरात गेली, पुडा डब्यात ओतला, डब्याचं झाकण लावलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की झाकण ती दाबतेच आहे, दाबतेच आहे.

कारण ती एका गोष्टीसाठी थांबली होती. कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं नव्हतंच. शेवटच्या गुरुवारी, दर आठवड्याची गाण्याची बैठक आटपून मंडळी गेल्यावर, शौकतनं ऊद भिंतीवर टांगला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाल्कनीत उभा राहून भाजीची टोपली दोरीनं वर ओढत होता, आणि टोपली मध्येच थांबली. खालच्या भाजीवाल्याला वाटलं, अबू नजलाला, म्हणजे नजलाच्या बापाला, भाव पटला नाही. त्यानं भाव उतरवला. टोपली हलली नाही, म्हणून आणखी उतरवला. मग दोरी सुटली आणि टोमॅटो रस्त्यावर आले. तेव्हापासून घरात गाणं नव्हतं. दुखवट्याच्या घरात असत नाहीच. टीव्हीवर कापड होतं, आणि वरच्या मजल्यावरची बाईसुद्धा रेडिओ कानाला लावून ऐकायची. इन्साफला त्याचं काही वाटलं नाही. उलट तिनं तो नियम कवटाळून धरला. तारा भिंतीवर होत्या, त्यानं पिळलेल्या, त्याच्या बोटांनी ठरवलेल्या जागी. ती रोज खोली झाडायची पण त्या भिंतीजवळ फडकं न्यायची नाही, न जाणो एखादी तार घासली जाईल आणि आतला सूर खर्ची पडेल. चाळिसावा होऊ दे, मग गुरुवारी दुपारी, मंडळी यायच्या आधी, दार लावून घ्यायचं आणि सगळ्यात जाड तार एकदाच ओढायची. एकदाच. त्यानंतर उस्ताद फिक्रींनी वाजवावं, नाही तर दुसऱ्या कुणी. पहिला आवाज मात्र तिचा. त्यासाठी ती दिवस ढकलत होती, आणि त्या एका आवाजासाठी तिनं त्या सकाळी अंघोळही लवकर केली होती.

कोणाही शहाण्या माणसानं तिला सांगितलं असतं, की बाई, अलेक्झांड्रियाच्या हवेत तार एक रात्रसुद्धा जागेवर राहत नाही. समुद्र आहे बाहेर. शौकत स्वतः दर वेळी ऊद लावायला घेताना समुद्राला शिव्या द्यायचा. म्हणजे त्याला न्हाऊ घालत होते तेव्हाच तारा उतरायला लागल्या असणार. हातेमनं उतरवल्या त्या उतरलेल्याच तारा. हे तिलाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि ऐकून घेणं यांत फरक आहे, आणि त्या दुपारी इन्साफ शहाणी नव्हती.

तशी शौकतला वाजवण्यात फार गती होती असं नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो तक्रारींच्या खिडकीवर बसे. दिवसभर लोक येऊन नळाला पाणी नाही म्हणून त्याच्यावर ओरडत, आणि तो त्यांना इतक्या मनापासून "खरंय" म्हणे की ते शरमून घरी जात. संध्याकाळी ऊद. पण आधी नजलाला शाळेतून आणणं, आधी आईचं औषध, आधी इन्साफच्या पायाला लेप, आधी वरच्या बाईचा तुंबलेला नळ, कारण पाणी खात्यातला माणूस म्हटल्यावर नळही दुरुस्त करता येत असणारच. आणि मग उरलंच काही तर ऊद. उदाच्या कातडी पेटीत तो मुलुखियाच्या भाजीच्या जुड्या आणायचा, पेरू आणायचा. सगळ्या बाकोस मोहल्ल्यात पेरूचा वास येणारं वाद्य तेवढं एकच असावं. तारा छेडायच्या पट्ट्या तो पाण्याच्या बाटल्या कापून करी, आणि त्या पट्ट्या उशीत सापडत, धुण्यात सापडत, एकदा तर एक भातात सापडली. तेव्हा इन्साफनं त्याला चांगलंच सुनावलं होतं. ओरडायची ती. केवढं ओरडायची. आणि तो पट्टी चाटून स्वच्छ करून खिशात ठेवायचा आणि म्हणायचा, "शिजली नाही अजून."

एकदा रेडिओच्या वाद्यवृंदात त्याला बोलावलं होतं. लग्नाला थोडी वर्षं झालेली, नजला पहिल्या इयत्तेत. तो इस्त्रीचा कोट घालून गेला आणि दुपारी परत आला, पोरीचं बोट धरून. काय झालं विचारलं, तर म्हणाला, तिथं वादकांना खिडकीकडे पाठ करून बसवतात, मला उजेड लागतो. कित्येक वर्षं इन्साफ नातेवाइकांना हेच सांगत आली, की त्याला उजेड लागतो. तालमीची वेळ आणि शाळा सुटायची वेळ एकच होती, हे तिला फार नंतर डॉक्टर रम्सींकडून कळलं, तेही दाढ काढताना. तोंडात कापूस असल्यानं तिला त्यावर काही बोलता आलं नाही, आणि घरी येईपर्यंत बोलावंसं वाटणं संपलं होतं. त्या रात्री तिनं त्याच्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढला. त्यानं तो नजलाच्या ताटात सरकवला. झालं, एवढंच त्या बाबतीत त्या दोघांचं बोलणं.

उन्हं बाल्कनीच्या कठड्यावर आली तशी मंडळी आली. उस्ताद फिक्री पुढे, कारण गाणारे तेच, आणि थोडाफार ऊदही त्यांना येई. मागून व्हायोलिनची पेटी घेऊन दातांचे डॉक्टर रम्सी, आणि बटणांच्या दुकानाचे मालक हाज्ज मुतवल्ली. त्यांच्याकडे डफ असे, आणि ज्याच्या वाद्याला सूर नाही अशा माणसाची सुरांबद्दल असतात तेवढी ठाम मतं. चाळीस दिवस तिघांपैकी कुणी वाद्याला हात लावला नव्हता. रम्सींचं व्हायोलिन दवाखान्यातल्या एसीखाली पडून होतं आणि त्याच्या तारांनी आपापल्या मर्जीनं काय करायचं ते केलं होतं. आज शौकतचा ऊद मध्ये घेऊन त्याचीच एक चीज वाजवायची, असं ठरलं होतं. फिक्रींनी ऊद मांडीवर घेतला, तार छेडली, आणि ती मेलेल्या रबरासारखी थड् करून गप्प बसली. हातेमनं पुन्हा एकदा घोडी, फळी आणि ताण समजावून सांगितला. तिघांनी ऐकून घेतलं. दुखवट्याचं घर होतं.

मग प्रश्न आला, की ऊद लावायचा कुठल्या सुरावर? शौकतचा ऊद जगाच्या उदांपेक्षा खाली लागायचा. किती खाली हे कुणी कधी मोजलं नव्हतं. तो लावायचा आणि बाकीचे त्याला मिळवून घ्यायचे. इतक्या वर्षांत सगळ्यांचे कान त्या खोलीत उतरून बसले होते, पण हात तिथं कुणाचाच पोचत नव्हता. फिक्री म्हणाले, सोपं आहे, माझा आवाज वर जात नाही म्हणून अबू नजला बिचारा खाली लावायचा, मी गातो त्यावरून लावू. रम्सींनी घसा साफ केला. विषय निघालाच आहे तर सांगतो म्हणाले, माझ्या व्हायोलिनची मान जुनी, ताण सोसत नाही, म्हणून तो खाली लावायचा. त्यानं मला एकदा तसं डोळ्यांनी सुचवलंही होतं. हाज्ज मुतवल्ली म्हणाले की दोघांनी उगाच स्वतःवर ओढून घेऊ नये, डफाच्या चामड्याला समुद्राची हवा लागली की त्याचा आवाज बसतो, आणि त्या बसलेल्या आवाजाशी जमावं म्हणून शौकत खाली यायचा, हे उघड होतं.

इन्साफ दाराशी बसून ऐकत होती. नजला तान्ही असताना आतल्या खोलीत निजायची. तिची झोप मोडू नये म्हणून शौकतनं तारा उतरवल्या होत्या आणि मग त्या पुन्हा कधी चढवल्याच नाहीत, असं इन्साफ आजवर समजत आली होती. पण तिला पहिल्यांदाच वाटलं की हा माणूस प्रत्येकाला तो फक्त त्याच्यासाठीच वाकलाय असं वाटायला लावून गेला, आणि खरा कुणासाठी वाकला होता, की त्याला मुळात तसंच आवडायचं, हे आता विचारायची सोय नाही. तिला जरा हेवा वाटला. डफाचासुद्धा.

फिक्रींनी आपल्या गळ्यावरून ऊद लावला. ते वर गेलं. इन्साफ म्हणाली, "थोडं खाली, उस्ताद." त्यांनी खाली आणलं. "आणखी." आणखी आणलं. "नाही, एवढं नाही." तारा कण्हत होत्या. मध्येच एक आवाज जवळून जायचा, ओळखीचा, गर्दीत मागून एखाद्याचे खांदे ओळखीचे वाटावेत तसा, आणि ती मान वर करायची तेवढ्यात तो माणूस वळायचा आणि दुसराच निघायचा. हातेमनं मोबाइल काढला. त्यात सूर मोजायची सोय होती, काटा मधोमध आला की हिरवा दिवा लागायचा. हिरवा दिवा लावून फिक्रींनी दोन ओळी वाजवल्या. स्वच्छ, खणखणीत, नव्या घरात नवं फर्निचर लावावं तसं. शौकतचे कपडे घालून कुणीतरी परका समोर बसला होता, आणि कपडे त्याला नीट बसत होते, हेच सहन होईना. "छान," इन्साफ हळूच म्हणाली. "बरं आहे."

हाज्ज मुतवल्लींनी रम्सींकडे पाहिलं. रम्सींनी फिक्रींकडे. तिघांच्या मनात काहीतरी एकच होतं आणि ते बोलायची कुणाची छाती होत नव्हती. फिक्रींनी उगाच विचारलं, "उम्म नजला, तुम्ही जरा काही बोलता का?" तिनं अगदी मऊ आवाजात विचारलं, काय बोलू? तिघांचे चेहरे पडले. "नको, राहू दे," फिक्री म्हणाले, आणि मोबाइलकडे वळले. मी कॉफी ठेवते, असं सांगून ती उठली. उठताना तिला वाटलं, संपलं. काय वाजवायचं ते वाजवतील. अंघोळ उगाच लवकर केली.

कनकेत, म्हणजे कॉफीच्या लांब दांड्याच्या भांड्यात, पाणी, त्यात दळलेली कॉफी. कडू, दुखवट्याच्या घरात कॉफीत साखर घालत नाहीत. चाळिसाव्यापर्यंत तर नाहीच, आणि पुढे कधी घालायची हे कुणी ठरवत नाही. आच बारीक. कॉफी अशी वस्तू आहे की तिच्याकडे बघत राहिलं तर ती येत नाही आणि क्षणभर नजर काढली तर शेगडीवर उतू जाते. फेस कडेनं गोळा होऊन मध्ये यायला लागला, उचलायची वेळ, हात दांड्यावर, आणि नेमक्या त्याच क्षणी बाहेरून हातेमचा आवाज आला, "तांत, जरा एक मिनिट. दिवा हिरवा येतोय, पण पोपटी हिरवा."

"काय आहे?"

ती ओरडली. चाळीस दिवसांची सभ्यता फेसाबरोबर शेगडीवर सांडली. जळक्या कॉफीचा वास उठला. दांडा पोळला म्हणून तिनं हात झटकला आणि मग तिला ऐकू आलं की बाहेर कुणी श्वाससुद्धा घेत नाहीये. मग खुंटी करकरली. एकदा, आणि अगदी थोडी. जाड तार वाजली, तिच्याखालची जोडतार तिला येऊन मिळाली, आणि त्या दोन्ही मिळून जे म्हणाल्या ते इन्साफच्या पायाखालच्या फरशीतून वर आलं. तोच. पेरूच्या पेटीतला, आतल्या खोलीत मूल निजलंय असा.

"मी मघापासून सांगणार होतो," हाज्ज मुतवल्ली बाहेर कुजबुजत होते, म्हणजे हाज्ज मुतवल्लींच्या मते कुजबुजत होते. "उम्म नजलाला चिडवल्याशिवाय हा लागतच नाही. पण विधवा बाईला चीड म्हणून कसं सांगायचं? तो लेकाचा बरोबर कॉफी वर आली की हाक मारायचा."

इन्साफ शेगडीपाशी उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे सगळे गुरुवार एकामागून एक उलटे फिरले. दर गुरुवारी कॉफी वर येतेय आणि बाहेरून हाक येतेय, "इन्साफ!" या गल्लीत ती सगळ्यांची उम्म नजला होती, नजलाची आई, तिला नावानं हाक मारणारा तो एकटा. आणि ती दर वेळी, "काय आहे?" आणि तो, "काही नाही, तू काय करतेस बघितलं." आणि खुंटीची करकर. काही नाही तर बोलावतोस कशाला, जीव घेतोस, म्हणून ती दर वेळी पुटपुटली होती. कॉफी उतू घालवणारा नवरा म्हणून बहिणीकडे त्याची चेष्टा केली होती. तिच्या त्या वैतागावर एक अख्खी बैठक आपल्या तारा जुळवत होती, आणि त्या बैठकीतल्या सगळ्यांना ते माहीत होतं, बटणांच्या दुकानदारालासुद्धा. तिला राग यावा की काय यावं ते कळेना. चांगली चीड आली असती तर बरं झालं असतं, पण आता ती आली नाही. सगळी खर्च झाली होती.

तिनं दुसरी कनका ठेवली. बाहेर वाजायला लागलं होतं. डफ जपून, व्हायोलिन थोडं रडकं, मध्ये तो खालचा, सैलसर, घरात चप्पल घालून फिरणारा आवाज. ती डोळे मिटून ऐकत राहिली, आणि ओळ वर चढून जिथं वळते तिथं आली तेव्हा तिनं श्वास रोखला. कारण तिथं शौकत चुकायचा. नेहमी, न चुकता चुकायचा. एक पायरी गाळून खाली पडायचा आणि पडल्यावर कपडे झटकावेत तसं पुढे जायचा. लहानपणी नजलानं तीच चीज रेडिओवर ऐकली तेव्हा ती म्हणाली होती, हे लोक चुकीचं वाजवतात. शौकत हसून हसून बाल्कनीत गेला होता. उस्ताद फिक्रींचं बोट त्या जागी आलं, पायरीवर नीट ठेवलं गेलं आणि पुढे सरकलं. बरोबर वाजवलं त्यांनी. इतकं बरोबर, की शौकत या घरात नाही हे इन्साफला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. टोमॅटो रस्त्यावर पडले तेव्हा, त्याला न्यायला माणसं आली तेव्हा, सदरे वाटले तेव्हा ते तिला सांगण्यात आलं होतं. कळलं आत्ता. सूर जागेवर होता, तिचाच होता, आणि तिच्या घशात सुखरूप होता. हवा तेव्हा काढून द्यावा. त्याच्या आधी यायची ती हाक मात्र कुणाच्या घशात नव्हती.

नजला आत आली, आईच्या चेहऱ्याकडे पाहत पेले भरून ट्रे घेऊन गेली. जाताना तिनं आईच्या पाठीवर हात ठेवला, हळूच, आणि मग काय वाटलं कोण जाणे, शेगडी पुसायचं फडकं तिच्या अंगावर फेकून म्हणाली, "किती सांडवलंस गं."

बाहेर चीज संपली. पेल्यांची किणकिण झाली. कुणी वाहवा म्हणालं नाही. इन्साफ स्टुलावर बसली, फडकं मांडीवर, तोंड दाराकडे. आता तिसरी कॉफी ठेवायचं काही कारण नव्हतं. तरी तिनं ठेवली, आच बारीक केली, आणि तिच्याकडे न बघता बसून राहिली. बाहेर कुणी खुर्ची सरकवली. कुणी खाकरलं. फेस कडेनं गोळा व्हायला लागल्याची फसफस तिला ऐकू येत होती. ती मुद्दाम हलली नाही. अंगाचा कान झाला होता. जराशानं, फेस मध्ये येता येता, बाहेरून हाक आली.

"उम्म नजला," डॉक्टर रम्सी संकोचून म्हणाले, "आम्हा दातांच्या डॉक्टरांनी मागू नये खरं तर, पण अर्धा चमचा साखर मिळेल का?"